कौह्याला दिलेलं आवतण

विमलाकाकू झाडाला आवतण दिल्याशिवाय त्याच्या पानालाही हात लावत नसत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं आणि ते लपवताही आलं नव्हतं. लग्नाला बोलावतात तसं? अक्षता घेऊन? काकू म्हणाल्या, "हो, तसंच. अन् तुले हसायचं असन त भायेर जाऊन हास." मी मुकाट्याने चहाचे कप उचलून आत गेले.

काकू रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहतात, आम्ही चौबे कॉलनीत. आमचं नातं रक्ताचं नाही, रेल्वेचं आहे. त्यांचे यजमान श्यामराव धमतरीच्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, स्टेशनमास्तर होते आणि माझे सासरे यशवंतराव त्याच लाइनवर गार्ड. दोघांची घरं विदर्भातून इकडे आली ती कायमचीच. श्यामराव गेले, छोटी गाडीही म्हातारी झाली, पण दोन घरांचं जाणंयेणं राहिलं. मी सून म्हणून नागपूरहून आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी देवाच्या पाया पडायला लावलं आणि मग काकूंच्या. दुसरं जास्त अवघड होतं, कारण देव मान हलवून चुका काढत नाही.

लाइनवरच्या एका आडबाजूच्या स्टेशनात असताना काकूंना बुधियारिन भेटली. गोंड बाई, रानातल्या मुळ्या-साली जाणणारी. काकूंची थोरली मुलगी सारखी आजारी असायची, त्या निमित्ताने ओळख झाली आणि मग काकू वर्षानुवर्षं तिच्या मागे रानात फिरल्या. काकू तिला गुरू म्हणत नाहीत, दाई म्हणतात. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. स्टेशनमास्तरीणबाई डोक्यावर पदर घेऊन गोंडिणीच्या मागे काट्याकुट्यात जातात, यावर त्या काळी क्वार्टरांमध्ये काय बोललं गेलं असेल ते मला माहीत आहे, कारण सासूबाई अजून बोलतात. काकूंनी एक शब्द मनावर घेतला नाही. मला त्यांचं हे फार आवडतं.

काकू नम्र वगैरे अजिबात नाहीत, हेही सांगून टाकते. आपल्याला काय येतं हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि ते दुसऱ्यालाही माहीत असावं अशी त्यांची अपेक्षा असते. पण छातीत दुखतं म्हणून कोणी आलं की त्या पहिल्यांदा दारातूनच परत पाठवायच्या. "आंधी डॉक्टरले दाखव, ईसीजीची पट्टी काढून आण, मंग ये. मी काही डॉक्टरची सवत नाही." डॉक्टरच्या गोळ्या चालू असतील तरच त्या जोडीला कौह्याची साल द्यायच्या, दुधात उकळून घ्यायला. कौहा म्हणजे आपला अर्जुन. पाण्याच्या काठाला वाढतो, खोड गुळगुळीत, राखाडी पांढरं, आणि वरचा पापुद्रा निघाला की आतून गुलाबी. माझे सासरे ती साल कित्येक वर्षं घेत होते. ते म्हणायचे, गोळीने जीव राहते आणि विमलावहिनीच्या सालीने धीर राहते.

साल आणायची रीत बुधियारिन दाईने शिकवली होती तीच, तिच्यात तसूभरही फरक नाही. शनिवारी दिवस कलला की काकू झाडापाशी जायच्या. बुंध्याशी हळदीचे तांदूळ, एक सुपारी, उदबत्ती. मग झाडाला दोन्ही हात टेकवून सांगायचं, "लोकाइच्या भल्यासाठी उद्या तुले न्याले येते. येजो माह्यासंगं." रविवारी उजाडायच्या आत जायचं, वाटेत कोणाशी बोलायचं नाही. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. सालीला लोखंड लावायचं नाही, लाकडी खुंटीने सोडवायची, तीही हाताच्या पंजाएवढीच. वर ओल्या मातीचा लेप द्यायचा. पुढच्या वेळी दुसरी बाजू. तेलीबांध्याच्या तलावाजवळच्या कौह्यावर काकूंच्या अशा किती खुणा भरून आल्या असतील, पण हात फिरवला तर एक लागत नाही. माणसाची जखमही इतकी साफ भरत नाही.

या रीतीत दोन गोष्टी पक्क्या होत्या, आणि पुढे जे झालं ते या दोन गोष्टींवरच झालं. एक, ज्या झाडाला आवतण पडलं आहे त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, बोलावणारा येऊन आपला वाटा नेईपर्यंत. छत्तीसगढी माणूस याला नेवता म्हणतो आणि गावाकडचा कोणीही तो मोडत नाही. दुसरी गोष्ट बोलावणाऱ्याची. आवतण देऊन जो झाडाला नुसतं वाट पाहायला लावतो, त्याचा हात जातो. म्हणजे हात शाबूत राहतो, पण त्या हाताने दिलेलं औषध कोणाला लागू पडत नाही. कायमचं.

मी काकूंची काठी होते, म्हणजे स्कूटर माझी आणि पिशवी धरायलाही मीच. रविवारची झोप मोडते म्हणून दर वेळी कुरकुर करायचे आणि दर वेळी जायचे. पिशवी धरू द्यायच्या, पण झाडाला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, "काकू, मलाही शिकवा न." त्या म्हणाल्या, "नाही शिकवत. काहून सांगू?" आणि मग सांगितलं. त्यांनी भरवशाने एका माणसाला धमतरीकडचा एक कौहा दाखवला होता. तो पोती घेऊन गेला. बुंध्याला चारी बाजूंनी सोललं आणि झाड उभ्या उभ्या वाळलं. त्यानंतर काकूंनी तोंड शिवून घेतलं. "माह्यासंगं आलं, माह्यासंगं जाईन," असं म्हणायच्या. मला राग यायचा. एवढं सगळं डोक्यात घेऊन ही बाई एक दिवस निघून जाईल आणि आम्ही रिकाम्या पिशव्या धरून बसू, असं वाटायचं.

नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं आणि सगळ्यांनाच रस्ते रुंद करायची घाई झाली. मी रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात होते. हुद्दा ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्द्यात ‘मॅन’च. नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका तुकड्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला आणि मी मोजपट्टी ठेवली तर रेघ सरळ काकूंच्या कौह्यातून गेली.

ते झाड काकूंसाठी नुसतं झाड नव्हतं. बुधियारिन दाई एकदा छोट्या गाडीने रायपूरला आली होती. गाडीतून ती तेलीबांध्याला उतरली आणि तलावाकडे चालत निघाली. त्या कौह्यापाशी थांबून तिने काकूंच्या हातात तांदूळ दिले. म्हणाली, आज तू बोलाव. काकूंनी दिलेलं ते पहिलं आवतण. दाई पुढच्या पावसाळ्यात गेली. तिचा ना फोटो होता काकूंकडे, ना काही वस्तू. हे झाडच होतं.

मी साहेबांना दुसरा नकाशा करून दाखवला. रेघ थोडी सरकवली की झाड मधल्या दुभाजकात येत होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अच्छा है, पर मंज़ूरी में टाइम लगेगा. ठेकेदार संडे को पेड़ हटा रहा है." मंजुरी येईपर्यंत झाड राहिलं तर राहिलं. पण रविवार तर परवावर आला होता.

काकूंना सांगायला गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, त्या झाडाच्या बदल्यात नवी झाडं लावू असं सांगितलं. काकू म्हणाल्या, "लावा न. पोट्टे बी लागते घरात. पण म्हणून म्हाताऱ्याले कोणी भायेर काढते का?" साहेबांना मराठी कळलं की नाही देव जाणे, ते हात जोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर काकू पायरीवर बसल्या. मी त्यांना कधी पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. काही वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "आज शनिवार आहे. स्कूटर काढ. तांदूळ घेऊ घरून."

मला वाटलं, शेवटची साल न्यायची आहे.

झाडाजवळ ठेकेदाराची माणसं तंबू ठोकून होती. कुऱ्हाडी, दोर, सगळी तयारी. एरवी काकू आवतण हळू आवाजात द्यायच्या, कोणी पाहू नये अशा बेताने. त्या दिवशी मात्र त्यांनी ओंजळभर हळदीचे तांदूळ बुंध्याभोवती गोल मांडले. सुपारी ठेवली. उदबत्तीचा आख्खा पुडा लावला. माणसं गोळा झाली तरी त्यांना हटकलं नाही. दोन्ही हात खोडाला टेकवले आणि शाळेत कविता म्हणावी तशा मोठ्याने त्या झाडाला बोलल्या, "उद्या तुले न्याले येते!"

मजुरांचा मेट, म्हणजे मुकादम, दुकालू म्हणून होता, पिकल्या मिशांचा. तो चप्पल काढून पुढे आला. "दाई, कब लेगे बर आबे?" न्यायला कधी येशील, असं त्याने विचारलं.

"काली बिहनिया," काकू म्हणाल्या. उद्या सकाळी.

"हव," दुकालू म्हणाला, आणि तांदळांवर पाय पडू नये म्हणून त्याने आपल्या माणसांना मागे सारलं.

रविवारी मी अंधारातच ब्राह्मणपाऱ्यात पोचले. दार उघडं होतं. काकू अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. पिशवी खुंटीला, लाकडी खुंटी फळीवर. मी खुणेनेच म्हटलं, चला. वाटेत बोलायचं नसतं ना. काकू हलल्या नाहीत. मी पुन्हा खूण केली. शेवटी न राहवून बोलले, "काकू, उजाडून राहिलं. उशीर होईल."

"मी नाही येत."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

"काकू, तुमचा हात जाईल."

"जाईन."

"सगळं आयुष्य घातलं तुम्ही यात."

"मले सांगतेस?" त्या चिडल्या. मग त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले आणि पाहत बसल्या. हळदीने पिवळे झालेले, बोटं जरा वाकडी. "दाई म्हणे, झाडाले फसवू नको. आजवर नाही फसवलं. आज फसवून राहिली. तिकडे गेली म्हणजे तिच्या पाया पडीन अन् सांगीन, जिवंत ठेवाले फसवलं." त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही नीट पाहिलं नाही, कारण मलाच काही दिसत नव्हतं. समोरच्या देवळाच्या कळसावर ऊन आलं, अंगणात आलं, उंबऱ्यापर्यंत आलं. वेळ टळली. काकू उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

चहा मी अर्धाच प्यायले आणि तेलीबांध्याला पळाले. मजूर तलावाच्या बांधावर ओळीने बसले होते. कुऱ्हाडी आडव्या ठेवलेल्या. साहेब लालबुंद होऊन फेऱ्या मारत होते.

"चार चावल के दाने से डर गए तुम लोग?"

दुकालू उभा राहिला, आवाज मात्र चढवला नाही. "चाउर ले नइ डेरान साहब. नेवता ला मानथन." तांदळाला भीत नाही, आवतणाला मानतो. दाई येईल, आपला वाटा नेईल, मग आम्ही तोडू.

ठेकेदाराने दुसरी टोळी आणली. तीही इकडच्याच गावांची. त्यांनी बुंध्याभोवतीचा पिवळा गोल पाहिला, हात जोडले आणि पहिल्या टोळीशेजारी जाऊन बसले. मशीनवाल्याने मशीन बंद करून चावी खिशात टाकली. शेवटी साहेबांनी जीप पाठवली ब्राह्मणपाऱ्यात, त्या मावशींना घेऊन या, काय न्यायचं ते एकदाचं न्या म्हणावं. जीप रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, "माताजी बोल रही हैं, आज का मुहूर्त निकल गया. अब अगले संडे देखेंगे."

साहेब चक्क हसले. मला म्हणाले, "आपकी चाची को हमारे विभाग में होना चाहिए था." पुढच्या रविवारी काकूंचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना म्हणे कोणाच्या तरी बारशाला जायचं होतं. तोवर रस्ता झाडाच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेला होता. माझा दुसरा नकाशा साहेबांच्या टेबलावर होताच. त्यांनी तो मंजूर करून घेतला आणि कौहा दुभाजकात राहिला.

ऑफिसात पेढे वाटावेसे वाटले मला. संध्याकाळी काकूंकडे गेले तर दारात माझे सासरे उभे, साल न्यायला आलेले. काकू त्यांना म्हणत होत्या, "भाऊजी, मी नाही देऊ शकत आता. माह्या हातचं लागू नाही व्हायचं."

"वहिनी, कोणी पाहिलं काय?"

"झाडानं पाहिलं."

सासरे टोपी सावरत परत फिरले. त्यानंतर किती जण आले आणि गेले. काही जवळचे म्हणाले, हे सगळं मनाचं असतं, द्या तुम्ही, आम्हाला चालेल. काकूंना मात्र ते चालत नव्हतं. घरातला सालींचा साठा त्यांनी तलावात सोडला. बरण्या धुऊन त्यांत लोणचं भरलं. ज्या बाईसमोर अर्धं रायपूर हात पसरायचं, ती आता दुपारी टीव्हीवरच्या मालिका पाहत बसायची आणि त्यातल्या सुनांना शिव्या घालायची. मला ते बघवत नसे. तरी सांगते, इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपल्याकडचं उरलंसुरलं देणारे पुष्कळ भेटतात. ज्या गोष्टीने आपण आपण आहोत तीच काढून देणारी मला ही एकच भेटली.

मग पावसाळ्यात हरेलीचा सण आला. छत्तीसगढात या दिवशी दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात आणि जाणते वैदू आपल्या चेल्यांना शिकवायला सुरुवात करतात. सकाळीच काकूंचा फोन. "हात धुऊन ये."

गेले तर त्यांनी मला पाटावर बसवलं. समोर तांदूळ, हळद आणि ती लाकडी खुंटी. "माह्या हात गेला, पण डोकं आहे अजून," त्या म्हणाल्या. "तुह्या हात कोरा आहे. पोतं घेऊन जाशीन झाडाकडे?"

"नाही."

"गेलीस त टांग तोडीन." एवढीच माझी दीक्षा. तेव्हापासून आवतण मी देते. दुसऱ्या कौह्यांना, तलावापलीकडच्या. काकू मागे उभ्या राहून ओरडतात. सावली पाहा, बाजू बदल, पंजा तुह्या आहे का राक्षसाचा. माझ्या पहिल्या सालीचं दूध सासरे प्यायले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, धीर जरा कमी आहे, पण येईल हळूहळू. माझा मुलगा वेदांत हे सगळं मोबाइलवर टिपतो आणि मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतो. तोही परवा आवतणाचे तांदूळ हळदीत नीट मळत होता. बुधियारिन दाईची विद्या काकूंबरोबर जाणार होती, ती गेली नाही.

तेलीबांध्याच्या त्या कौह्याला मात्र आम्ही हात लावत नाही. त्याच्यावर काकूंचं आवतण आहे, ते उतरलेलंच नाही. रस्ता आता भला मोठा झाला, दिवे लागले, तलावाकाठी लोक फिरायला येतात. मधोमध तो उभा. बुंध्याशी कोणी ना कोणी हळदीचे तांदूळ ठेवून जातं. दुकालूचा माणूस असेल, मी काही विचारलं नाही.

काकू त्या रस्त्याने कधी जात नाहीत. नव्या रायपूरला नातीकडे जायचं असलं तरी ऑटोवाल्याला सगळ्या गावाला वळसा घालायला लावतात. बोलावून न्यायला गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने समोर जायचं, असं त्यांचं म्हणणं. पण मी त्या बाजूने आले की त्यांना कळतंच. परवाही मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, मान दुसरीकडे करून, जशी काही सहजच आठवण झाली.

"कसं आहे ते?"

"बहर आला आहे," मी म्हटलं. "अन् अजून तुमची वाट पाहून राहिलं, काकू."

काकूंनी हात पदरात घेतले.

"पाहू दे," त्या म्हणाल्या. "उभ्यानंच पाहून राहिलं न?"